त्र्याहत्तर वळणांची वाट

प्रवासवर्णन हे प्रवास आटोपल्यावर लिहावे असा शिष्टसंमत प्रघात आहे. परंतु वार्षिकांकाच्या संपादक मंडळाने लेखांची मुदत फेब्रुवारीअखेर ठेवली आणि आमचा प्रवास तर मे महिन्याच्या सुटीत व्हावयाचा. तेव्हा वाचकांपुढे ठेवण्यासारखे आज आमच्याजवळ जे आहे, ती केवळ प्रवासाची तयारी होय. गेले आठ महिने ती आमच्या घरी चालली आहे. नववीच्या वर्गातील मुलांचाही तिला हातभार लागला, आणि त्यामुळे त्यांचे पालक आम्हांस बाजारात गाठून, “सर, त्या जर्मनीतल्या रस्त्याचे कुठवर आले?” असे विचारू लागले आहेत. त्या सर्वांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे, हाही या लेखाचा एक हेतू आहे.

जावयाचे आहे ते जर्मनीच्या पश्चिमेकडील आयफेल नामक डोंगराळ प्रदेशात. तेथे न्युर्बुर्ग नावाचे एक लहानसे खेडे आहे. खेड्याच्या माथ्यावर बाराव्या शतकातील एका किल्ल्याचे भग्नावशेष उभे आहेत, आणि त्या किल्ल्याला भला मोठा वळसा घालून, दाट अरण्यातून चढत उतरत, मोटारींच्या शर्यतीचा एक मार्ग गेला आहे. त्याचे नाव न्युर्बुर्गरिंग. त्याचा उत्तरेकडील जुना फेरा, ज्याला जर्मन भाषेत नॉर्डश्लायफ म्हणतात, आज २०.८३२ किलोमीटर लांबीचा आहे. एका फेऱ्यात सुमारे ३०० मीटरांचा चढउतार होतो. वळणे सामान्यतः ७३ धरतात. कोणते वाकणे वळण मानावे याविषयी मतभेद असल्यामुळे हा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो.

शाळामास्तराच्या घरात मोटारींच्या शर्यतीचे हे वेड कोठून शिरले, अशी शंका कोणासही येईल. ते वेड आमचे नव्हे, आमच्या वडिलांचे आहे. बाबांनी हयातभर बस हाकली. आधी एका खासगी मालकाची, पुढे कदंब महामंडळाची. फोंड्याहून मोले, मोल्याहून अनमोडचा घाट चढून रामनगर, लोंढा, खानापूर आणि बेळगाव, हा त्यांचा रस्ता. बेळगावास मुक्काम पडला की तेथील एका गॅरेजात जुनी इंग्रजी मोटार-मासिके पडलेली असत. बाबांचे शिक्षण चौथीपर्यंत. इंग्रजी त्यांना वाचता येत नसे, पण चित्रे पाहता येत. अशाच एका मासिकात अर्जेंटिनाच्या हुआन मान्युएल फांजिओचे छायाचित्र त्यांनी पाहिले, आणि गॅरेजवाल्याने त्यांना त्या गृहस्थाची कथा सांगितली.

ती कथा आमच्या घरी रामायणासारखी सांगितली गेली आहे. ४ ऑगस्ट १९५७ रोजी याच रस्त्यावर जर्मन ग्रांप्रीची २२ फेऱ्यांची शर्यत होती. फांजिओचे वय तेव्हा ४६ वर्षांचे. बाराव्या फेरीअखेर तो इंधन व टायर घेण्यास थांबला, तेथे वेळ मोडला, आणि पुढे असलेले हॉथॉर्न व कॉलिन्स हे दोघे तरुण इंग्रज पाऊण मिनिटाहून अधिक अंतर राखून निघून गेले. त्यानंतर या गृहस्थाने फेरीमागून फेरी अधिकाधिक वेगाने कापली, एकविसाव्या फेरीत दोघांनाही मागे टाकले आणि शर्यत अवघ्या साडेतीन सेकंदांच्या आसपास फरकाने जिंकली. त्या विजयाबरोबर त्याचे पाचवे जगज्जेतेपदही निश्चित झाले. बाबांना यातील वेगाचे कौतुक फारसे नाही. फांजिओ लहानपणापासून गॅरेजात काम करीत वाढला, मोटारीचा पुर्जा न् पुर्जा त्याला ठाऊक होता, आणि रस्ता त्याने पाठ केला होता, या तीन गोष्टी ते बोटांवर मोजून सांगतात.

दोन वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू असल्याचे निदान झाले. या विकारात नजरेचे क्षेत्र कडांकडून हळूहळू आकसत जाते. गेलेली नजर परत येत नाही, औषधाचे थेंब घालून उरलेली राखावयाची असते. बाबांना समोरचे अजून चांगले दिसते. बाजूने येणारी सायकल मात्र दिसत नाही. निदान झाल्याच्या दिवशीच त्यांनी स्कूटरची किल्ली आईच्या हाती दिली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. काढला तो दुसराच. गेल्या जूनमध्ये रात्री जेवताना, कोलोन येथे अभियंता म्हणून दोन वर्षे राहिलेल्या आमच्या धाकट्या बंधूंचा फोन आला असता, ती फांजिओची वाट तेथून किती लांब आहे, असे बाबांनी विचारले. “नव्वदेक किलोमीटर,” असे उत्तर आले. म्हणजे आमच्या घरापासून लोंढ्यापर्यंतही नाही म्हणा, पण बाबांच्या हिशेबी ते अंतर बसच्या एका फेरीत मावणारे होते.

येथे पैशाचा प्रश्न उभा राहिला. आमचे घर चिऱ्यांचे व कौलारू. वाशांना वाळवी लागली आहे, आणि छप्पर उतरवून नवे घालण्यासाठी तीन वर्षे थोडे थोडे द्रव्य साठविले होते. घरचा जमाखर्च आई पाहते. तिने वहीत आकडे मांडून दाखविले की विमानाच्या प्रत्येक तिकिटात छपराचा एक मोठा तुकडा जातो. बाबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “कौलां रावतलीं, दोळे रावचे नात.” आईने वही मिटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच निर्णय सांगितला: दोन तिकिटे काढावी, बाबांचे व आमचे, ती स्वतः येणार नाही, कारण तिसऱ्या तिकिटाने पावसाळ्यापूर्वी अर्धे तरी छप्पर होईल. आम्ही तिची पुष्कळ मनधरणी केली. तिने आणखी एक अट घातली, तिच्याकडे पुढे येऊ.

आमचा वाटा नकाशाचा. फोनवरील नकाशा बाबांना नीट दिसत नाही. बोटाने मोठा केला की रस्त्याचा तुकडाच काय तो उरतो आणि उरलेला रस्ता पडद्याबाहेर जातो. म्हणून आम्ही वर्गात प्रश्न टाकला. नववीच्या मुलांनी ड्रॉइंगचे चार मोठे कागद जोडले, जाड काळ्या शाईने संपूर्ण फेरा काढला, आणि प्रत्येक टप्प्याचे नाव ठळक देवनागरीत लिहिले. हात्झेनबाख, फ्लुगप्लात्स, श्वेडेनक्रॉइत्स, फुक्सर्योर, ब्राइडशाइड, बेर्गवेर्क, कारुसेल, होहे आख्ट, ब्र्युन्शेन, फ्लांत्सगार्टेन... जर्मन उच्चारांचा कागदावर थोडाफार कोकणी अवतार झाला आहे, त्यास इलाज नाही.

नावांचे अर्थ शोधू लागल्यावर वर्गास खरी गोडी लागली. फ्लुगप्लात्स म्हणजे विमानतळ. बेर्गवेर्क म्हणजे खाण. फुक्सर्योर म्हणजे कोल्ह्याची नळी. ब्र्युन्शेन म्हणजे लहानशी विहीर. श्वालबेनश्वान्त्स म्हणजे पाकोळीचे शेपूट. हे ऐकून बाबा म्हणाले, यात नवल ते काय? अनमोडच्या घाटातही ड्रायव्हरांनी आपापसांत वळणांना नावे दिलेली असतात, आणि ती कोणत्याही फलकावर लिहिलेली नसतात. त्यांनी मुलांना अशी नऊ नावे सांगितली. मुलांनी ती नकाशाच्या मागच्या बाजूस लिहून ठेवली आहेत.

गणिताच्या तासालाही या रस्त्याचा उपयोग झाला. बाबांची बस ताशी ४० किलोमीटर वेगाने या फेऱ्यावर सोडली तर तिला किती वेळ लागेल? उत्तर, सुमारे ३१ मिनिटे. फांजिओच्या काळी हाच फेरा २२.८ किलोमीटरांचा होता आणि त्याने तो ९ मिनिटे १७.४ सेकंदांत पुरा केला. म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे १४७ किलोमीटर. २०१८ साली तीमो बेर्नहार्ड याने पोर्शच्या एका खास गाडीत आजचा फेरा ५ मिनिटे १९.५ सेकंदांत कापला. तो वेग ताशी २३४ किलोमीटरांच्या वर जातो. एका विद्यार्थिनीने विचारले, की मग वळणावर ती गाडी बाहेर का फेकली जात नाही? त्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या बाईंकडे सोपवून आम्ही इतिहासाकडे वळलो.

हा रस्ता मुळात श्रीमंतांच्या हौसेखातर बांधला गेला असावा, अशी आमची समजूत होती. वस्तुस्थिती निराळी निघाली. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत आयफेल हा अत्यंत दरिद्री मुलूख होता. १९२५ साली काम सुरू झाले ते बेकारांना रोजगार मिळावा म्हणूनही. आणि जून १९२७ मध्ये मार्ग खुला झाला तेव्हा दक्षिणेकडचा फेरा धरून त्याची एकूण लांबी २८ किलोमीटरांहून अधिक होती. पहिली मोटार-शर्यत रुडोल्फ काराचिओला याने जिंकली. काँक्रीटच्या तिरप्या पन्हळीसारखे जे कारुसेलचे वळण आहे, त्याला त्याचे नाव जोडलेले आहे. दुष्काळी कामांवर आपल्याकडेही रस्ते झाले. त्यांपैकी एखाद्याला इतकी कीर्ती लाभल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

कीर्ती सर्वस्वी सुखाची नाही. १९६८ साली पाऊस व दाट धुके यांत स्कॉटलंडचा जॅकी स्ट्युअर्ट येथे चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकला आणि तरीही या रस्त्याला त्याने ‘हिरवा नरक’ असे नाव दिले, ते कायमचे चिकटले. १ ऑगस्ट १९७६ रोजी निकी लाउडाची गाडी बेर्गवेर्कच्या अलीकडे आदळून पेटली. एवढ्या लांबलचक रस्त्यावर मदत वेळेवर पोहोचणे कठीण. त्याला ज्वालांतून ओढून काढले ते मागून आलेल्या चार स्पर्धकांनी, आपापल्या गाड्या थांबवून. लाउडा सहा आठवड्यांत इटलीतील मोंझा येथे पुन्हा शर्यतीस उतरला आणि चौथा आला. फॉर्म्युला वनची शर्यत मात्र त्या दिवसानंतर उत्तर फेऱ्यावर कधी झाली नाही. १९८४ साली शेजारी नवा, आखूड मार्ग बांधण्यात आला. धुके आजही कोणाची गय करीत नाही. २०२४ साली तेथील २४ तासांची शर्यत धुक्याने इतकी खोळंबली की जेमतेम ५० फेऱ्या होऊन ती संपवावी लागली. जुलै महिन्यात अनमोडला बसचा दिवा लावूनही दहा हात पलीकडचे दिसत नाही, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

आता धाकट्या बंधूंविषयी. न्युर्बुर्गरिंगचे मोठे वैशिष्ट्य असे, की शर्यती नसतील त्या ठरावीक दिवशी हा मार्ग सर्वसामान्यांस खुला असतो. परवाना असलेला कोणीही, तीसपस्तीस युरोंच्या घरातला पथकर भरून, आपली साधी मोटार घेऊन एक फेरा मारू शकतो. बंधूंनी जुनी, लहानशी मोटार घेतली आहे आणि बाबांना शेजारी बसवून फेरा मारावयाचा, हा त्यांचा बेत. यावर घरात जो वाद झाला तो आम्ही येथे देत नाही. त्यातून निघालेली माहिती तेवढी देतो, कारण ती उपयोगाची आहे.

त्या दिवसांत हा मार्ग शर्यतीचा मार्ग नसतो. कायद्याच्या दृष्टीने तो पथकराचा एकेरी रस्ता असतो आणि जर्मनीचे वाहतुकीचे नियम त्यावर लागू असतात. उजवी कड धरून चालावयाचे, डावीकडूनच पुढे जावयाचे, थांबावयाचे नाही, आणि फेऱ्याची वेळ मोजण्यास मनाई. पुष्कळ विमा कंपन्या या रस्त्यावरील अपघात आपल्या करारातून वगळतात. सामान्य भाड्याच्या मोटारी येथे आणण्यास बहुतेक भाडेकरार बंदी करतात. गाडी लोखंडी कठड्यावर आदळली तर कठड्याचा व गाडी ओढून नेण्याचा खर्च चालकावर. बंधूंनी आपल्या विमा कंपनीस पत्राने विचारले. नकाराचे उत्तर आले. जवळपासच्या गावांत खास या रस्त्यासाठी गाड्या भाड्याने देणारे आहेत, पण त्यांचा दर ऐकून आईने आपली ती अट घातली: छपराच्या पैशांतील एक कवडीही या फेऱ्यात जाता कामा नये. बंधू स्वतःच्या पगारातून करीत असतील तर त्यांनी ते बाबांना विचारून करावे.

आणि बाबांनी परीक्षा लावली. नकाशावरचे टप्पे क्रमाने, न पाहता, प्रत्येकाच्या चढउतारासह म्हणून दाखवावयाचे. दर रविवारी दुपारी फोन येतो. बाबा नकाशा समोर पसरून बसतात, बोट काळ्या रेषेवर ठेवतात, आणि बंधू एक नाव म्हणाले की एवढेच विचारतात, “फुडें?” पहिल्या रविवारी अभियंतामहाशय सहाव्या नावाशीच अडखळले.

प्रवासाचा क्रम आता बहुतेक ठरला आहे. तेथील वर्षाचे वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होते. मोठ्या शर्यतींचे दिवस टाळून, सायंकाळी रस्ता जनतेस खुला असेल असा एक साधा वार आम्ही निवडला आहे. मेच्या मध्यास तेथे रात्री नऊपर्यंत उजेड राहतो. बाबांच्या डोळ्यांना संधिप्रकाश सोसत नाही, म्हणून ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली. फ्रांकफुर्टला उतरून ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावरील जुन्या राजरस्त्याने बिंगेन, बोपार्ड व कोब्लेन्त्स करीत कोलोनला जावयाचे. महामार्गाने वेळ निम्मा लागेल. तेथे अनेक ठिकाणी वेगमर्यादाच नाही, ताशी १३० किलोमीटरांचा केवळ सल्ला असतो. पण बाबांना नदीकाठ हवा आहे. दोन दिवस विश्रांती, मग बॉन. हा अर्धा दिवस आमच्या हट्टाचा. तेथील विद्यापीठात १८१८ साली श्लेगेल यांच्यासाठी संस्कृतविद्येचे अध्यासन निर्माण झाले आणि १८२३ साली त्यांनी लॅटिन भाषांतरासह भगवद्गीता छापली. ते स्थळ पाहिल्यावाचून त्या शहरावरून जाणे आम्हांस शक्य नाही. बाबांनी मान्यता दिली आहे, मात्र अर्ध्याच दिवसाची.

बॉनहून पुढे दोन वाटा आहेत. बाबांनी आर नदीच्या खोऱ्यातून, आल्टेनाऱ्हवरून आडेनाउला जाणारी निवडली. या खोऱ्यात १४ व १५ जुलै २०२१ रोजी जो महापूर आला त्यात १३० हून अधिक माणसे दगावली, पूल व रस्ते वाहून गेले. आणि मदतकार्याचा मोठा तळ पडला होता तो याच न्युर्बुर्गरिंगवर. त्याच महिन्यात, २३ जुलैस, आमच्या गोव्यातही म्हादईने सत्तरीत व अन्यत्र घरे पाण्याखाली घातली होती. पुरानंतर रस्ता पुन्हा कसा बांधतात ते जवळून पाहावे, असे बाबांना वाटते. आडेनाउ येथे शर्यतीचा मार्ग गावच्या रस्त्यावरून पुलाने जातो. त्या पुलाखाली प्रथम थांबावयाचे, नंतर ब्र्युन्शेन. तेथे रस्त्याच्या कडेला, कुंपणाबाहेर उभे राहून पाहता येते. अरण्यातून मार्गालगत पायवाटाही आहेत. बाबांचा काही भाग चालण्याचा विचार आहे, आणि त्यासाठी ते रोज सकाळी देवळापर्यंत जाऊन येतात.

कागदपत्रांचे पुराण थोडक्यात सांगतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो उतरविला. अर्जात प्रवासाचा उद्देश विचारतात. बाबा म्हणाले, “रस्तो पळोवप, अशें बरय.” आम्ही ‘पर्यटन’ असे भरले. बंधूंचे नाव यजमान म्हणून घातले. आम्ही आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही काढून घेतला. तो एक वर्ष चालतो, आणि बंधू थकल्यास सोय असावी. अर्थात डाव्या बाजूने गाडी हाकण्याची सवय झालेल्याने तेथे उजव्या बाजूने हाकावयाची म्हणजे आमचीही एक परीक्षाच. तेथील मोटारीत चालक डावीकडे बसतो. बाबा शेजारी, म्हणजे उजवीकडे बसणार. पस्तीस वर्षे ज्या बाजूला बसून त्यांनी घाट पाहिला, नेमक्या त्याच बाजूला. उजव्या डोळ्याची कड त्यांची अधिक गेली आहे, तेव्हा रस्त्याचा मध्य त्यांना डाव्या डोळ्याने दिसेल, असा हिशेब त्यांनी स्वतःच केला.

आईने सोलांची पुडी, डोळ्यांच्या थेंबांच्या चार बाटल्या आणि दोन लोकरी बंड्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. छपराच्या दक्षिणेकडील पाखीचे वासे गेल्या आठवड्यात येऊन पडले; सुतार एप्रिलात येईल. व्हिसासाठी बोटांचे ठसे देण्याची तारीख मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली आहे. परीक्षेचे म्हणाल, तर कालच्या रविवारी बंधू कारुसेल ओलांडून होहे आख्टचा चढ चढले, एश्बाखपर्यंत न अडता आले आणि ब्र्युन्शेनला अडकले. बाबांनी नकाशाची घडी घातली आणि सांगितले, की मे उजाडेपर्यंत पुढची नावे आली नाहीत, तर ब्र्युन्शेनच्या कुंपणापाशी दोघांना पुरेल एवढी जागा आहे.